कॅफीनने उडालेली झोप आणि कॉफिया क्रूडा: माश्यांवरच्या चाचणीच्या नोंदी, नाशिक

६ जानेवारी

प्रश्न साधा आहे. कॅफीन देऊन प्राण्याची झोप कमी केली आणि सोबत कॉफिया क्रूडा ३० किंवा २०० (आकडा म्हणजे पोटन्सी, औषध किती वेळा पातळ केलं ते) दिलं, तर झोप परत येते का? कॉफिया क्रूडा न भाजलेल्या कॉफीच्या बियांपासून बनतं आणि होमिओपॅथीत निद्रानाशासाठी नेहमीचं आहे. उंदरांवर हे औषध देऊन झोपेचा ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) पाहणारे प्रयोग छापून आलेले आहेत. पण उंदीर म्हटलं की नोंदणी झालेलं प्राणिगृह, नैतिकता समितीची मंजुरी आणि डोक्यात इलेक्ट्रोड बसवायची शस्त्रक्रिया आली. आपल्या आवाक्यातला प्राणी ड्रोसोफिला मेलानोगास्टर. केळ्यावर घोंगावणारी ही माशी खरोखर झोपते, हे २००० साली दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं. व्याख्या ठरलेली आहे: सलग ५ मिनिटं हालचाल नाही म्हणजे झोप. कॅफीनने तिचीही झोप उडते. मात्र माणसात कॅफीन अडेनोसिन या झोप आणणाऱ्या रेणूच्या ग्राही अडवून काम करतं, आणि माशीत हा परिणाम त्या ग्राहीमार्फत होत नाही, असं २००९ मध्ये दिसलं आहे. म्हणून इथला निकाल जसाच्या तसा माणसाला लावायचा नाही. ही मर्यादा आत्ताच लिहून ठेवतो.

खर्चाची कमाल मर्यादा २०,००० रुपये. माश्यांची हालचाल मोजणारा तयार मॉनिटर आयात करायचा विचार यातच संपला.

९ जानेवारी

माश्यांचा कॅन्टन-एस स्टॉक (प्रयोगशाळांत नेहमी वापरतात तो वाण) आला. म्हैसूर विद्यापीठाचं ड्रोसोफिला स्टॉक सेंटर आणि बंगळुरूच्या सी-कॅम्प या संशोधन केंद्राची सोय, दोन्हींकडून असे स्टॉक मिळतात. बाजारातल्या केळ्यावरच्या माश्या पकडून चालत नाही. त्यात तीन-चार जाती मिसळलेल्या असतात.

वाढीचं खाद्य रवा-गुळाचं: पाणी १ लिटर, गूळ १०० ग्रॅम, रवा १०० ग्रॅम, अगार १० ग्रॅम, प्रोपिऑनिक आम्ल ७.५ मिली. आम्ल शेवटी घालायचं, मिश्रण ६० अंशांच्या खाली आल्यावर. उकळत्यात टाकलं तर वाफेबरोबर उडतं आणि चौथ्या दिवशी बुरशी येते. शिवाय खोलीत थांबवत नाही, म्हणून खिडकी उघडी ठेवून काम करा.

गुळाबद्दल एक गोष्ट. संक्रांतीच्या तोंडावर रविवार कारंजावर पिवळाधमक गूळ ढिगाने असतो. तो घेऊ नका. रंग उजळवायला त्यात हायड्रोस हे विरंजक घातलेलं असू शकतं आणि त्यातून येणाऱ्या सल्फाइटने माश्या खातात ते यीस्ट मंदावतं. काळपट गूळ घ्या, स्वस्तही पडतो.

१४ जानेवारी

माशीला २५ अंश लागतात. नाशिकमध्ये आत्ता पहाटे खोलीत १४–१५ अंश आहेत आणि एप्रिलमध्ये दुपारी बाहेर ४० च्या आसपास जाणार. म्हणजे गरम आणि थंड दोन्ही करणारी पेटी हवी. भंगारातला १६५ लिटरचा फ्रिज २,५०० रुपयांना घेतला, कॉम्प्रेसर चालू स्थितीत. त्याला एसटीसी-१००० थर्मोस्टॅट लावला. त्यात गरम आणि थंड असे दोन वेगळे रिले आहेत. थंडच्या रिलेवर फ्रिजचा प्लग, गरमच्या रिलेवर ४० वॅटची सिलिकॉन हीटिंग मॅट. बल्ब लावून गरम करायचा मोह टाळा, रात्रीच्या अंधारात तो पेटला की झोपेचा प्रयोग तिथेच संपला.

सेन्सर दाराजवळ लटकवला होता तेव्हा थर्मोस्टॅट २५ दाखवत होता आणि नळ्यांच्या जागी २७ होते. सेन्सर नळ्यांच्या ट्रेला टेकवून चिकटवला. आत ८० मिमीचा संगणकाचा पंखा ५ व्होल्टवर हळू फिरवला. वरच्या आणि खालच्या कप्प्यातला फरक आता अर्ध्या अंशात आहे.

फ्रिजची हवा कोरडी असते, खाद्य आकसतं. पसरट डब्यात मिठाचा ओला रगडा ठेवला, वर थोडं पाणी आणि तळाला न विरघळलेलं मीठ. मिठाचं असं संपृक्त द्रावण आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास धरून ठेवतं. रुपये ३० चं काम.

२० जानेवारी

कॅमेरा. रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसतं 'पाय') आणि त्याचा इन्फ्रारेडही बघणारा नॉइर व्ही-२ कॅमेरा. ६४ काचेच्या नळ्या, प्रत्येकी ६५ मिमी लांब आणि बाहेरून ५ मिमी जाड. ३२-३२ च्या दोन ओळी, दोन नळ्यांच्या मध्यांत ८ मिमी अंतर. ओळीची रुंदी २५६ मिमी होते. हा कॅमेरा आडवा सुमारे ६२ अंश बघतो, म्हणजे २४ सेंमीवरून दोन्ही ओळी चौकटीत बसतात. १६४० × १२३२ च्या मोडमध्ये १ मिमीला सुमारे ६ पिक्सेल मिळतात. माशी अडीच मिमीची, म्हणजे १५ पिक्सेल. पुरतं. सेकंदाला २ चौकटी घेतल्या, जास्त घेऊन फक्त कार्ड भरतं. भिंगाचा फोकस कारखान्यातून लांबवर लावलेला असतो. सोबत येणाऱ्या प्लॅस्टिकच्या चकतीने तो फिरवून जवळ आणावा लागतो.

नळ्यांखाली ३ मिमी दुधी अ‍ॅक्रिलिक, त्याखाली ८५० नॅनोमीटरची इन्फ्रारेड एलईडी पट्टी. आपल्याला ती अंधारात लालसर दिसते, माशीला दिसत नाही. खाचांचा ट्रे सातपूर एमआयडीसीत लेझरवर कापून घेतला, ६५० रुपये.

दिवसाचा पांढरा उजेड सकाळी ८ ला लागतो आणि रात्री ८ ला जातो. उजेड बदलला की कॅमेऱ्याचं चित्र भडकायचं आणि प्रोग्रॅमला सगळ्या माश्या एकदम हलल्यासारख्या दिसायच्या. उपाय जुन्या फोटो स्टुडिओत मिळाला: रंगीत निगेटिव्हच्या रोलचं पूर्ण काळं पडलेलं टोक. त्यातून इन्फ्रारेड जातं, दिसणारा उजेड जवळजवळ अडतो. दोन थर भिंगासमोर चिकटवले. आता दिवस-रात्र चित्र सारखंच.

पाय ४ ला वीज गेल्यावर चालणारं स्वतःचं घड्याळ नसतं. डीएस-३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल आणायचं आहे. (आणेपर्यंत काय झालं ते ८ मार्चच्या नोंदीत.)

२५ जानेवारी

नळीतलं खाद्य: ५ टक्के साखर, १.५ टक्के अगार. नळ्या रबरबँडने बांधून वितळलेल्या अगारात उभ्या ठेवायच्या, गार झाल्यावर जुडी बाहेर ओढायची आणि बाहेरचं अगार पुसायचं. खाद्याच्या टोकाला मेण, दुसऱ्या टोकाला लोकरीचा छोटा बोळा. कापूस नको, त्याच्या तंतूंत पाय अडकतात.

मेणबत्तीचं मेण गार झालं की तडकतं, फटीतून ओल जाते आणि दोन दिवसांत अगार नळीपासून सुटून गोटीसारखं घरंगळतं. मेणात सुमारे पाचवा भाग व्हॅसलीन वितळवून घातलं, तडे थांबले.

माशी गुंगवायला बर्फ. कार्बन डायऑक्साइडचा परिणाम वागण्यावर बराच वेळ राहतो. माश्यांची व्हायल (छोटी बाटली) बर्फात ठेवून काम १० मिनिटांत उरका आणि नळी आडवीच ठेवा. उभी केली की गुंगलेली माशी खाद्यावर पडते आणि अगारात चिकटून मरते.

फक्त नर घ्यायचे. मीलन झालेली मादी दुपारची झोप सोडते आणि अंडी घालत फिरते. त्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या पुढे कॅमेऱ्यात हालचाल म्हणून मोजल्या जातात. नराच्या पोटाचं टोक काळं असतं, पुढच्या पायावर केसांचा छोटा कंगवा असतो. वय ३ ते ५ दिवस.

३१ जानेवारी

पहिली सराव-धाव. चार नळ्या रिकाम्या आणि चार नळ्यांत मेलेली माशी. मेलेल्या माश्या "हलत" होत्या. चित्रातल्या गोंगाटाने केंद्रबिंदू एक-दोन पिक्सेल सरकतो. उंबरठा ६ पिक्सेलवर, म्हणजे १ मिमीवर नेला. मेलेली माशी आता रात्रभर स्थिर आणि जिवंत माशीचं चालणं सुटत नाही. जागच्या जागी पाय घासणारी माशी मात्र झोपलेली धरली जाते. ती चूक सगळ्या गटांत सारखी आहे असं धरून पुढे गेलो.

याच्याच उलटी बाजू जास्त धोक्याची. प्रयोगात मेलेली माशी ही प्रोग्रॅमच्या दृष्टीने गाढ झोपलेली माशी. नियम आत्ताच लिहिला: शेवटच्या १२ तासांत एकदाही न हललेली माशी आकडेवारीतून बाहेर, गट कुठलाही असो. हा नियम निकाल बघून करायचा नसतो.

५ फेब्रुवारी

कॅफीनचा डोस. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर ५ मिलिग्रॅम मोजणं ही स्वतःची फसवणूक आहे. ५०० मिलिग्रॅम निर्जल कॅफीन ५० मिली कोमट पाण्यात विरघळवलं, म्हणजे मिलीला १० मिलिग्रॅम. खोलीच्या तापमानाला ते विरघळलेलं राहतं, पण फ्रिजमध्ये ठेवलं की पांढऱ्या सुया खाली बसतात. वापरायच्या आधी गरम करून सगळ्या विरघळल्याची खात्री करा, नाहीतर वरचं पाणी पातळ आणि तळचं जहाल.

खाद्यात मिलीला ०, ०.२५, ०.५, १ आणि २ मिलिग्रॅम लावून पाहिलं. २ वर माश्या मरायला लागल्या. १ वर झोप इतकी मोडते की त्यातून काही परत आलं तरी दिसणं अवघड. ०.५ ठरवला. ०.२५ ला वेगळं काम आहे, ते १९ तारखेला.

१० फेब्रुवारी

कॅफीन कडू. माशी कडू टाळते. कॅफीनच्या नळीतली माशी जागी आहे ती कॅफीनमुळे की उपाशी असल्यामुळे? उपाशी माशी अन्नाच्या शोधात फिरत राहते आणि आलेखात ती नेमकी कॅफीन घेतलेल्या माशीसारखी दिसते.

खाद्यात ब्रिलियंट ब्लू हा खाण्याचा रंग १ टक्का घातला. ठरावीक वेळाने माश्या काढून, गटवार पाच-पाच एकत्र पाण्यात वाटून, फिरवून, वरचं पाणी ६३० नॅनोमीटरला रंगमापीवर वाचलं. ०.५ वर खाणं थोडं कमी होतं, बंद होत नाही. १ वर स्पष्ट कमी. ०.५ ठरवला ते बरंच झालं. हा रंग-तपास वगळून कुणी कॅफीन आणि झोपेचा आलेख दाखवला तर आधी खाण्याचं विचारा.

१४ फेब्रुवारी

अल्कोहोलने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला.

होमिओपॅथीचं द्रव औषध म्हणजे साधारण ९० टक्के अल्कोहोल. १० मिली खाद्यात ०.५ मिली सरळ घातलं की खाद्यात ४.५ टक्के अल्कोहोल होतं. माशी आधी सैरावैरा पळते, नंतर सुस्तावते. औषधाच्या आणि बिनअल्कोहोलच्या गटांत झकास फरक आला. तो औषधाचा नव्हता, हे नुसतं अल्कोहोल घातलेल्या गटाने दाखवलं, त्यांचंही तेच झालं. तुलना फक्त साध्या पाण्याशी केली असती तर "औषध काम करतं" असं लिहून मोकळे झालो असतो.

गोळ्यांचा विचार केला. साखरेच्या गोळ्या विरघळवल्या की खाद्यातली साखर वाढते, आणि गोळी गणिक औषध किती मुरलं ते मोजता येत नाही. द्रवच ठेवलं, पण कमी केलं: ०.०५ मिली औषध ०.४५ मिली पाण्यात, हे ०.५ मिली १० मिली खाद्यात. खाद्यात अल्कोहोल ०.४५ टक्के. या पातळीला नुसत्या अल्कोहोलचा गट पाण्याच्या गटापासून वेगळा ओळखता आला नाही. तरीही प्रत्येक गटात अल्कोहोल तेवढंच जाणार, कॅफीन नसलेल्या गटातही.

अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं. अगार ८५ च्या वर वितळतं आणि ४० च्या खाली गोठतं. म्हणून वितळलेलं अगार झाकणाच्या बाटल्यांत ५५ अंशांच्या पाण्यात ठेवायचं आणि औषध नळ्या भरायच्या अगदी आधी घालायचं.

एका खेपेची कृती, पुन्हा करणाऱ्यांसाठी. साखर ६ ग्रॅम, अगार १.८ ग्रॅम, उकळून पाण्याने १०८ मिली करा. ९-९ मिलीच्या बाटल्या भरा. प्रत्येकीत ०.५ मिली कॅफीनचं द्रावण (बिनकॅफीनला तेवढंच पाणी, निम्म्या डोसला ०.२५ द्रावण आणि ०.२५ पाणी) आणि ०.५ मिली औषध-पाणी. प्रत्येक गटाला दोन स्वतंत्र बाटल्या, एक नाही. एकाच बाटलीतून १२ नळ्या भरल्या आणि त्या बाटलीत पिपेट चुकली, तर बाराही माश्या एकच चूक बारा वेळा सांगतात.

१९ फेब्रुवारी

मुख्य प्रयोगासाठी औषधाची बाटली उघडायच्या आधी दोन परीक्षा यंत्राच्या.

एक, समान-समान. सगळ्या नळ्यांत तेच खाद्य, फक्त कागदावर पाच खोटे गट. फरक यायला नको. आला. ट्रेच्या कडेच्या नळ्यांतल्या माश्या जास्त जाग्या होत्या. पांढऱ्या एलईडीची पट्टी एका बाजूला होती, तिकडच्या नळ्या अर्ध्या-पाऊण अंशाने गरम. पट्टी दोन तुकड्यांत दोन्ही बाजूंना विभागली आणि गट ओळीने न लावता चिठ्ठ्या टाकून विखुरले. दुसऱ्यांदा फरक गेला. मात्र एक शिकायला मिळालं: रात्रीची एकूण झोप, झोपेचे तुकडे, सर्वात लांब तुकडा, पहिल्या झोपेला लागलेला वेळ, दिवसाची झोप अशी बरीच मापं काढत बसलं, तर खोट्या गटांतही एखाद्या मापात "लक्षणीय" फरक सापडतो. वीसात एकदा तो नशिबानेच येणार. म्हणून मुख्य माप एकच धरलं: दुसऱ्या रात्रीच्या १२ तासांतली एकूण झोप, मिनिटांत. कागदावर लिहून सही केली.

दोन, निम्मा डोस. औषधाने झोप परत आली तर ती बहुतेक पूर्ण येणार नाही, थोडी येईल. ती थोडी आपल्या यंत्राला दिसते का? ०.५ ऐवजी ०.२५ दिलेल्या माश्या म्हणजे "थोडी झोप परत आलेल्या" माश्या. हा गट ०.५ पासून वेगळा दिसला तरच पुढच्या "फरक नाही"ला काही किंमत आहे. यासाठी महागडं झोपेचं औषध आणायची गरज पडली नाही.

किती माश्या? ढोबळ नियम: गटाला १६ × (विचलन ÷ पकडायचा फरक) चा वर्ग. विचलन म्हणजे एकाच गटातल्या माश्यांमधला चढउतार. विचलन १५० मिनिटं आणि फरक १०० मिनिटं धरला तर १६ × २.२५ = ३६. पाच गट × १२ = ६० नळ्या, तीन खेपा, गटाला ३६. उरलेल्या चार नळ्यांत दोन रिकाम्या, दोन मेलेल्या माश्या.

२६ फेब्रुवारी

बाटल्या. कॉफिया क्रूडा ३० आणि २०० च्या ३० मिलीच्या सीलबंद बाटल्या आणि त्याच दुकानातलं डिस्पेन्सिंग अल्कोहोल (औषध न घातलेलं). तिन्हींतून १०-१० मिली काढून वजन केलं. ९० टक्के अल्कोहोलचं वजन ८.३ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. डिस्पेन्सिंग अल्कोहोल हलकं निघालं, म्हणजे जास्त तीव्र. ऊर्ध्वपातित पाणी घालून वजन जुळवलं. हे केलं नसतं तर पुन्हा अल्कोहोलचाच प्रयोग झाला असता.

एका होमिओपॅथ सहकाऱ्यांकडून आराखडा तपासून घेतला. त्यांचे आक्षेप रास्त होते आणि दोन मान्य केले. पहिला: औषध झटके देऊन बनतं, मग तुलनेच्या अल्कोहोललाही झटके द्या. तिन्ही बाटल्यांना भरायच्या आधी तळहातावर दहा-दहा झटके द्यायचं ठरलं. दुसरा: कापूर जवळ नको. बाटल्या वेगळ्या कपाटात. तिसरा आक्षेप मात्र प्रयोगाच्या मुळावर येतो. औषध चालू असताना कॉफी बंद हे पथ्य आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, कॉफीने औषध उतरतं म्हणतात, आणि इथे तर दोन्ही एकाच नळीत. याला उत्तर नाही. पण कॉफीने उडालेल्या झोपेवर हेच औषध दिलं जातं, हेही खरंच. दोन्ही म्हणणी एकदम धरली तर कुठलाच निकाल विरुद्ध जात नाही, म्हणून औषध कधी चाललं असं म्हणायचं ते आधी लिहून त्यांचीही सही घेतली. (कांदा-लसणाचं पथ्य माश्यांनी आपोआप पाळलं. लासलगाव इतकं जवळ असून.)

आंधळेपणा, म्हणजे कुठल्या नळीत काय आहे हे काम करणाऱ्याला ठाऊक नसणं: माश्या भरणारे, प्रोग्रॅम चालवणारे आणि औषध भरणारे वेगळे. औषध-पाणी तपकिरी शिशीत, शिशीवर फक्त अंक, यादी बंद पाकिटात विभागाच्या कपाटात. १९८८ साली पाण्याच्या "स्मृती"चा (पदार्थ उरणार नाही इतका पातळ केला तरी परिणाम राहतो, असं सांगणारा) शोधनिबंध नेचर या विज्ञान साप्ताहिकात छापून आल्यावर नेचरचे संपादक मॅडॉक्स, जादूगार रँडी आणि संशोधनातल्या गैरप्रकारांचा तपास करणारे स्टुअर्ट पॅरिसजवळच्या त्या प्रयोगशाळेत जाऊन बसले. तिथेही पाकीट बंद ठेवून मोजायला लावल्यावर परिणाम नाहीसा झाला होता.

३ मार्च

पहिली खेप भरली. संध्याकाळी ५ ते ७. रात्र पहिली रुळायला, दुसरी मोजायची.

८ मार्च

पहिली खेप बाद. दुसऱ्या रात्री वीज गेली, पाय बंद पडला आणि सुरू झाला तेव्हा घड्याळ मागे राहिलं होतं. दिवा त्याच घड्याळावर, त्यामुळे माश्यांची रात्र लांबली आणि फायलींच्या वेळा चुकल्या. घड्याळाचं मॉड्यूल १५० रुपयांचं, ते वेळेवर बसलं असतं तर आठवडा वाचला असता. आता बसवलं. पाय, कॅमेरा, इन्फ्रारेड पट्टी आणि पांढरा दिवा ६०० व्हीएच्या यूपीएसवर घेतले, फ्रिज नाही. दार बंद असेल तर पेटी दोन-तीन तास तापमान धरते.

पाकीट उघडलेलं नाही. बाद खेपेचं पाकीट उघडून "सहज बघायचं" नाही.

१५ मार्च

दुसरी खेपही बाद, आणि हे कारण शोधायला सगळ्यात जास्त त्रास पडला. सगळ्या गटांची झोप कमी. कॅफीन नसलेल्या गटाचीसुद्धा. तापमान बरोबर, खाद्य ताजं, उजेड वेळेवर. शेवटी साठही माश्यांची हालचाल मिनिटागणिक एकाखाली एक मांडली. रात्रभर ठरावीक अंतराने सगळ्या माश्या एकाच मिनिटाला हलत होत्या. थर्मोस्टॅटच्या नोंदीशी ताडून पाहिलं: कॉम्प्रेसर सुरू होण्याचं मिनिट.

जानेवारी-फेब्रुवारीत यंत्राच्या सगळ्या परीक्षा झाल्या तेव्हा थंडी होती, फक्त गरमची मॅट चालत होती. मार्चमध्ये ऊन वाढलं आणि कॉम्प्रेसर पहिल्यांदाच कामाला लागला. सुरू होतानाचा त्याचा हिसका ट्रेपर्यंत पोचतो आणि झोपलेली माशी त्याने उठते. थंडीत तपासलेली पेटी उन्हाळ्यात तपासलेली नसते.

२० मार्च

हिसक्यावर काम. ट्रेखाली फोम ठेवला, थोडा फरक. थर्मोस्टॅटचा फरक अर्ध्यावरून एक अंश केला, हिसके कमी झाले पण गेले नाहीत. शेवटी ट्रे आणि कॅमेरा एका चौकटीत बसवून ती चौकट फ्रिजच्या भिंतीला न टेकता चार नरम स्प्रिंगवर टांगली, खाली पाण्याच्या दोन बाटल्या वजनाला. आणि रात्री कॉम्प्रेसर बंदच: ८ वाजायच्या आधी गोठवलेल्या जेलच्या पिशव्या पंख्यासमोर ठेवायच्या. रात्रीची नाशिकची हवा मार्चमध्ये अजून उतरते, त्यामुळे पहाटेपर्यंत २५.५ च्या वर जात नाही. मे महिन्यात हे चालणार नाही.

समान-समान परीक्षा पुन्हा. मिनिटागणिक मांडणीत एकत्र हलण्याच्या उभ्या रेघा नाहीत.

याच आठवड्यात द्राक्षांचा हंगाम भरात असल्याने खोलीत बाहेरच्या माश्या शिरल्या. अंगावर लांब पांढऱ्या रेघा दिसल्या तर ती झाप्रिओनस, ओळखू येते. साधी दिसणारी ओळखू येत नाही. व्हायलच्या बोळ्यांवर मलमलीचा दुसरा थर, जेवणाचे डबे आणि द्राक्षं खोलीबाहेर. संशय आलेली व्हायल टाकून द्यायची.

५ एप्रिल

तीन चांगल्या खेपा पूर्ण. मेलेल्या माश्यांचा नियम लावला, मुख्य मापाचा तक्ता गोठवून छापला, त्यावर सह्या झाल्या आणि मग पाकिटं उघडली.

कॅफीन नसलेला गट सगळ्यात वर, निम्म्या डोसचा गट मध्ये, पूर्ण डोसचा खाली. यंत्र जागं होतं. कॅफीन + कॉफिया ३० आणि कॅफीन + कॉफिया २०० हे दोन्ही गट कॅफीन + अल्कोहोलच्या गटात मिसळलेले. मुख्य मापात फरक नाही, तिन्ही खेपांत नाही.

गौण मापांत एका खेपेत २०० च्या गटाचे झोपेचे तुकडे थोडे लांब निघाले. बाकीच्या दोन खेपांत तसं नाही. १९ फेब्रुवारीला खोट्या गटांत जे दिसलं त्याच जातीचं हे आहे, म्हणून निकालात धरलेलं नाही, पण तक्त्यात ठेवलं आहे. सहकाऱ्यांचं म्हणणं: औषध कॅफीनच्या आधी काही दिवस द्यायला हवं होतं. ते त्यांनी आराखड्यात लिहिलं नव्हतं, पुढच्या फेरीत लिहून घेऊ.

खर्च, वाया गेलेल्या खेपा धरून: पाय, कॅमेरा आणि कार्ड ९,२००; फ्रिज, थर्मोस्टॅट, मॅट, पंखा ४,१००; पट्ट्या, ट्रे, स्प्रिंग, किरकोळ २,३००; नळ्या १,४००; यूपीएस २,२००; कॅफीन, अगार, आम्ल, रंग १,६००; औषधं आणि अल्कोहोल ४५०. एकूण २१,२५०. मर्यादा ओलांडली ती यूपीएसने.

७ एप्रिल

नळ्या धुताना: मेण आधी गरम पाण्यात सोडवा, अगार उकळून काढा, मग साबण, मग ऊर्ध्वपातित पाण्याच्या तीन खळखळण्या. कॅफीनच्या नळ्या वेगळ्या डब्यात धुवायच्या आणि कायम कॅफीनलाच वापरायच्या. बाहेरच्या टोकाला लाल नेलपॉलिशचा ठिपका पुरतो. पण ठिपका दिसला की आंधळेपणा गेला, म्हणून पुढच्या फेरीसाठी बिनकॅफीनच्या गटाला नव्या नळ्या घ्यायच्या आणि ठिपका सगळ्यांनाच लावायचा.